जमिनीवर पडलेला चिमटा

1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचून घेतलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. लस मुंबईच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती, तेव्हा बोट लगेच तिच्या कर्त्याकडे, वाल्देमार हाफकिनकडे वळले. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि त्यांचे नाव साफ व्हायला 1907 साल उजाडले. वास्तविक ते सगळे 19 जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करताच त्याने त्याच चिमट्याने बूच काढले. परळमधल्या त्या प्रयोगशाळेला पुढे हाफकिनचे नाव मिळाले, ते योग्यच झाले. पण चिमटा खाली पडला तर काय करायचे, हे त्या मदतनिसाला कुणी करून दाखवले होते का, हा प्रश्न हाफकिनच्या चरित्रात कुणी विचारत नाही.

तो प्रश्न 31 जानेवारी 2021 ला पुन्हा उभा राहिला. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पल्स पोलिओच्या दिवशी 12 बालकांच्या तोंडात लसीऐवजी सॅनिटायझर गेले. मुले वाचली. संबंधितांवर कारवाई झाली, बातमी चार दिवस चालली. काम करणाऱ्यांना अक्कल नव्हती, हा निष्कर्ष सगळ्यांना सोयीचा. मला तो पटत नाही. पोलिओच्या कुपीवर एक छोटे चिन्ह असते: वर्तुळ आणि त्यात चौकोन. उष्णता लागत जाते तसा आतला चौकोन गडद होतो; तो बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी बाद. डोस देण्याआधी हे चिन्ह बघायचे, हा धडा प्रत्येक प्रशिक्षणात असतो. सॅनिटायझरच्या बाटलीवर असे चिन्ह कुठून असणार? म्हणजे चूक जिथल्या तिथे अडवणारी पायरी शिकवणुकीत होतीच, ती हाताच्या सवयीत उतरली नव्हती. सवय सभागृहात बसून लागत नाही. राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला असे उतरत आलेले प्रशिक्षण आशाताईंपर्यंत पोचते तेव्हा त्यात उरतात त्या स्लाइड, हजेरीपट आणि जेवणाचा डबा.

शीतसाखळीचेच बघा. लस उन्हाने खराब होते, हे सगळ्यांना ठाऊक. ती गारठूनही मरते, हे ठसवायला मात्र फार कष्ट पडतात. पेंटा, त्रिगुणी, कावीळ-बी, टीडी या लसी एकदा गोठल्या की कायमच्या निकामी. वितळल्यावर दिसायला ठीक, टोचायला ठीक, फक्त गुण गेलेला. आणि कुपीवरचे ते चिन्ह यात काहीच सांगत नाही, कारण ते उष्णतेचे आहे. म्हणून आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट व्हॅक्सिन कॅरियरमध्ये कोंबायचे नाहीत. बाहेर ठेवायचे, त्यांना घाम सुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी खुळखुळले की मग भरायचे. आता पहाटे निघून चार वाड्या करायच्या असलेल्या सिस्टरला थांबण्याचा हा वेळ वेळापत्रकात कुणी दिलेला असतो का? मुळात बर्फ जितका कडक तितकी लस सुरक्षित, ही तिची समजूत घरच्या फ्रिजवरून आलेली आहे. ती मोडायला गोठून वितळलेली आणि न गोठलेली कुपी हलवून शेजारी-शेजारी ठेवावी. गोठलेलीत गाळ भराभर खाली बसतो. एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

घरगुती फ्रिजवरून शहर आठवते. शहरातले प्रशिक्षण म्हणजे ग्रामीण प्रशिक्षणाची वातानुकूलित आवृत्ती, असे आपण धरून चालतो. गावातल्या आशाताईंना कुणाची लेक बाळंतपणाला आली आहे आणि कोणते कुटुंब ऊसतोडीला गेले आहे, हे माहीत असते. त्यांची यादी डोक्यातच असते. मुंबईतल्या गोवंडीत मात्र एका गल्लीत दर काही महिन्यांनी भाडेकरू बदलतात. 2022 च्या शेवटी तिथे गोवराची साथ आली, पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावात. गोवर-रुबेलाची लस नववा महिना पूर्ण झाल्यावर कोणत्या दंडात द्यायची, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना पाठ असणार. अडचण होती ती दार उघडून घेण्याची. आधीच्या इंजेक्शनने मुलाला दोन रात्री ताप आला, रोजंदारी बुडली, आणि ताप येऊ शकतो हे कुणी आधी सांगितलेच नव्हते, असे म्हणणाऱ्या आईपुढे काय बोलायचे?

टोचल्यावर पालकांना चार गोष्टी सांगायच्या, असा नियम आहे: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचे, पुन्हा कधी यायचे, कार्ड जपून ठेवा आणि येताना आणा. सत्रात सर्वात आधी गळतात त्या या चार गोष्टी, कारण त्यांची नोंद करायला रकाना नाही. टोचलेल्या मुलांची मोजणी होते, समजावलेल्या आयांची नाही. नकार देणारी आई अडाणी नसते. पुष्कळदा ती मागच्या खेपेला दुर्लक्षित झालेली असते. एकीने आई व्हायचे, दुसरीने सिस्टर, बाकीच्यांनी ऐकायचे, असा सराव प्रशिक्षणात अर्धा दिवस घेतला तर पहिल्या पाच मिनिटांत हशा होतो. त्यानंतर मात्र खरे प्रश्न बाहेर येतात.

शहरात आणखी एक मोठी पोकळी आहे, तिच्याबद्दल बोलणे अवघड, कारण ती प्रतिष्ठित आहे. खासगी दवाखान्यात लस देणाऱ्या मदतनीस मुलीला कोण शिकवते? डॉक्टरांचे ज्ञान अद्ययावत असेल, पण फ्रिज उघडतो तिचा हात. दाराच्या कप्प्यात ठेवलेली लस आणि तिच्या शेजारची पाण्याची बाटली हे दृश्य दुर्मिळ नाही. महापालिकेच्या प्रशिक्षणात तिला बोलावले जात नाही आणि दवाखाना एक दिवस तिच्यावाचून चालत नाही.

मला विचाराल तर वार्षिक शिबिरांतली निम्मी बंद करावीत आणि तो पैसा सत्राच्या जागी खर्च करावा. वैद्यकीय अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा जीपमधून उतरावे, दप्तर तपासण्याऐवजी दोन तास कॅरियरशेजारी बसावे, चूक दिसली तर मुलांच्या आयांसमोर बोलू नये, सत्र आटोपल्यावर बोलावे. मात्र झालेली चूक जी स्वतःहून सांगेल तिला नोटीस मिळणार नाही, हे आधी लेखी द्यावे लागेल. ते देण्याची तयारी आरोग्य खात्यात सध्या कुणाची आहे, मला दिसत नाही.