लाज कुणाच्या नजरेची?

कुंभोजच्या बाहुबलीला माणसं सहकुटुंब जातात. तिथली संगमरवरी मूर्ती 28 फुटांची. अंगावर धागाही नाही, हात सरळ सोडलेले, पायांवरून वेली चढलेल्या. आजी नातीला जवळ घेऊन मूर्तीपुढे उभी राहते, दोघी हात जोडतात, आणि कुणालाही नजर चोरावी लागत नाही. याच भागातल्या शिरोळ-हातकणंगल्याच्या रस्त्यांवरून दिगंबर मुनींचा विहार चालतो. मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, एवढाच त्यांचा संसार. बायाबापड्या वाकून ‘नमोस्तु’ म्हणतात. आणि हीच माणसं घरी न्हाणीघराची कडी नीट लागली ना, हे दोनदा बघतात.

लाज अंगातच असती, तर ती सगळीकडे सारखीच आली असती. राजर्षी शाहूंनी उभारलेल्या खासबाग मैदानात पैलवान हजारो लोकांसमोर एका लंगोटावर उतरतो. तांबडी माती अंगाला लागली की तो मोकळा होतो. घरी मात्र पाहुण्यांची चाहूल लागताच तोच पैलवान खुंटीवरचा सदरा ओढतो. अंग तेच असतं. समोरची नजर बदललेली असते.

भागवतात एक प्रसंग आहे. शुकदेव विरक्त होऊन निघाले, अंगावर वस्त्र नव्हतं. वाटेत देवस्त्रिया जलक्रीडा करत होत्या. तरुण, नग्न शुक जवळून गेले, तरी त्या स्त्रियांना काही वाटलं नाही. मागून वस्त्र नेसलेले वृद्ध व्यास आले, तशा त्यांनी लगबगीनं वस्त्रं ओढून घेतली. व्यासांनी कारण विचारलं. उत्तर असं मिळालं, की तुमच्या मनात अजून स्त्री-पुरुष हा भेद आहे, तुमच्या मुलाच्या दृष्टीत तो उरलेला नाही.

बायबलमधले आदाम आणि हव्वा आधी उघडेच होते आणि लाजत नव्हते. फळ खाल्ल्यावर त्यांनी अंजिराची पानं शिवून अंगाभोवती घेतली आणि ते झाडांआड लपले. देवानं आदामाला विचारलं, तू नग्न आहेस हे तुला सांगितलं कुणी? मला या कथेत त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. बागेतून बाहेर काढण्याआधी देवानंच दोघांना कातड्याची वस्त्रं करून घातली. शिक्षा दिली, पण उघडं सोडलं नाही.

दत्तगुरू रोज दुपारी कोल्हापुरात भिक्षेला येतात, अशी आपल्याकडची श्रद्धा. त्यांच्या जन्माची कथाही याच प्रश्नाभोवती फिरते. तीन देवांनी अनसूयेकडे विवस्त्र होऊन भिक्षा वाढायची अट घातली. तिनं अतिथीला विन्मुख पाठवलं नाही आणि आपला मानही सोडला नाही. तिनं त्या तिघांची तान्ही बाळं केली. बाळाची नजर कुणाला उघडं पाडत नाही.

द्रौपदीला मात्र भर सभेत ओढत आणलं गेलं. मुनी वस्त्र सोडतो ते स्वतःच्या इच्छेनं, म्हणून आपण त्याला नमस्कार करतो. तिच्या वस्त्राला हात घातला गेला तो तिच्या इच्छेविरुद्ध, म्हणून तो अधर्म. आणि त्या सभेतली खरी लाज द्रौपदीची नव्हतीच. ती दुःशासनाची होती, आणि मान खाली घालून गप्प बसलेल्या थोरामोठ्यांची होती.

आपल्यापुढे असे प्रसंग रोज येतात. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना मुलगा स्पंजिंग करतो. ज्यांच्यापुढे आयुष्यभर मोठ्यानं बोलला नाही, त्यांचंच धोतर त्याला सोडावं लागतं. वडील डोळे मिटून घेतात. अशा वेळी शहाणा मुलगा आधी दार लोटतो, अंगावर चादर ठेवतो, पुसायचा तेवढाच भाग उघडा करतो आणि हात चालवताना उसाच्या बिलाचं, पावसाचं काहीबाही बोलत राहतो. वडिलांचा संकोच त्यानं स्वतःवर घेतलेला असतो. दुसरीकडे महामार्गावर अपघात होतो, जखमी बाईची साडी फाटलेली असते, आणि भोवतीच्या घोळक्यात आधी मोबाइल वर होतात. तिच्या अंगावर कुणीतरी उपरणं टाकायला हवं, हे सुचायला वेळ लागतो.

लाजेचे पाठ आपण लेकीबाळींना फार दिले: पदर नीट घे, ओढणी सावर. बघणाऱ्याला मात्र कुणी काही शिकवलं नाही. लहानपणापासून मुलांना सांगायला हवं, की समोरचा माणूस असहाय उघडा पडला असेल, तर त्याची अब्रू त्या घडीला तुझ्या डोळ्यांच्या हाती आहे. आज असा कुणी समोर आला, तर आधी त्याच्यावर पांघरूण घालावं. बाकीचं सगळं नंतर.