यादीतून काढलेली सात पुस्तकं



आजचं चिंतन : गीता, अध्याय ९, श्लोक २३.

या श्लोकाचा पहिला अर्धा भाग आपल्याला फार आवडतो. इतर देवतांना श्रद्धेने भजणाराही शेवटी भगवंतालाच भजत असतो, असा त्याचा आशय. पण लगेच पुढे देव म्हणतात की हे भजन विधीला धरून नाही. तिथपर्यंत आपण सहसा जात नाही. मीही जात नव्हते, कारण पहिला अर्धा भाग माझ्या सोयीचा होता.

झालं असं. वाढदिवस जवळ आला म्हणून ताईने विचारलं, "पुस्तकं कुठली हवीत? यादी पाठव." माझी विशलिस्ट तयारच होती. पाठवण्याआधी मी त्यातली सात पुस्तकं गुपचूप काढली. काही पाश्चात्त्य पेगन अध्यात्माची, काही फँटसी कादंबऱ्या. मी माळ घेतली ती ताईमुळेच. "माळ घालून हे वाचणार?" असं तिने विचारलं असतं तर काय सांगणार होते?

मनात उत्तर तयार होतं, हाच श्लोक. सगळं त्याचंच, मग बिघडलं कुठे! शिवाय पेगन हा शब्दच मुळात दुसऱ्यांनी चिकटवलेला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खेडूत. रोमन साम्राज्यातल्या ख्रिश्चनांनी जुन्या देवांना धरून राहिलेल्यांना तो लावला. त्या मापाने म्हसोबाच्या दगडाला शेंदूर लावणारी माझी आजीही पेगनच.

हे खरं आहे. पण उत्तर पुरं नव्हतं, हे एका रागामुळे कळलं.

आजच्या पेगन मंडळींमध्ये देवींची नावं एका दमात म्हणायची पद्धत आहे. आयसिस, डायाना, हेकाटी, आणि त्यातच आपली काली. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडले. तिची पूजा नाही, उपास नाही, तिच्या दारात कधी उभे राहिला नाहीत, आणि नाव मात्र उचललंत? मग माझीच यादी आठवली. त्यात स्टारहॉक यांचं 'द स्पायरल डान्स' होतं, १९७९ सालचं. त्यात विधी आहेत, करून बघायचे प्रयोग आहेत. मला ते कशाला हवं होतं? एखाद्या पौर्णिमेला मेणबत्ती लावून "बघू तरी" म्हणायला. म्हणजे ज्या गोष्टीचा मला राग आला, तीच मी त्यांच्या देवीच्या बाबतीत करणार होते.

माउली या श्लोकावर झाडाचा दाखला देतात. फांद्या, पानं एकाच बीजाची, पण पाणी मुळालाच घालायचं. त्याच्या पुढचा दाखला तर थेट स्वयंपाकघरातला आहे. रांधलेलं कितीही चविष्ट असलं तरी ते कानात भरत नाहीत, आणि फुलं काही डोळ्यांना बांधत नाहीत. मला यात इतरांच्या देवांविषयी तुच्छता दिसत नाही. कुठली गोष्ट कुठे न्यायची याचं भान दिसतं.

म्हणून 'स्पायरल डान्स' काढलेलंच ठेवलं. पुस्तक वाईट आहे म्हणून नाही हं. ज्यांचा तो मार्ग आहे त्यांच्यासाठी ते आहे, आणि मी तिथे फक्त हौशी पाहुणी.

बाकीची परत घातली. रोनाल्ड हटन यांचं 'द ट्रायम्फ ऑफ द मून' (१९९९) तर हवंच. विका हा पंथ अखंड प्राचीन परंपरा नसून विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडला, हे हा इतिहासकार सांगतो, आणि तेही त्या लोकांची टिंगल न करता. आपल्या परंपरांबद्दल कोणी असं लिहिलं तर आपण किती शांतपणे वाचू, देव जाणे. अर्सुला ले ग्विन यांची अर्थसीची कादंबरीही परत आली. तिच्यात वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता मिळते. आपण नाम घेतो ते बरोबर उलट कारणासाठी, हे मला ती गोष्ट ऐकल्यावर पहिल्यांदा जाणवलं.

आणि टेरी प्रॅचेट यांचं 'स्मॉल गॉड्स' (१९९२). त्यात ओम नावाचा देव आहे (हो, ओमच!). त्याच्या नावाने भलं मोठं देऊळ, पुजारी, दरारा, सगळं आहे. पण मनापासून मानणारा एकच उरलाय, मंदिराच्या बागेत राबणारा एक साधा पोरगा. त्यामुळे देवाचं झालंय कासव. आपल्या देवळात शिरताना जमिनीवर दगडी कासव असतं ना, त्याला हात लावून पुढे जाताना हल्ली हे आठवतं. माझी माळ, हा ब्लॉग, रोजचं चिंतन, यात मानणं किती आणि देऊळ किती?

खरं सांगायचं तर माझं ज्ञानेश्वरीचं वाचन तीन आठवडे नवव्या अध्यायावरच अडलंय. रात्री यादीत भर घालण्यात जातात. यादीत बेचाळीस पुस्तकं, त्यातलं वाचलेलं एकही नाही. ताईपासून लपवायचंच होतं तर हे लपवायला हवं होतं.

काल तिला नवी यादी पाठवली आणि आधी सात पुस्तकं काढली होती हेही सांगून टाकलं. बराच वेळ काही आलं नाही. मग मेसेज आला : "कासवाचं मागवलंय. आधी मी वाचणार. नववा अध्याय कुठवर आला तुझा?"

उद्या श्लोक २४.

रामकृष्णहरी.