कंदाची वाटणी

पाऊस ओसरून आश्विनाचे ऊन पडू लागले की पैनगंगेकाठच्या आमच्या देऊळघाटात अंगणाअंगणांतून निशिगंध दरवळतो. उर्दूत त्याला गुलशब्बो म्हणतात, बाजारात तो गुलछडी होतो. हा कंद मूळचा मेक्सिकोचा. पण आता तो इतका इथला झाला आहे की गणपतीच्या हारात, दर्ग्यावरच्या फुलांच्या चादरीत आणि नवरदेवाच्या सेहऱ्यात तेच फूल असते. आम्हांला मात्र फुलापेक्षा मातीखालच्या व्यवहाराबद्दल लिहायचे आहे.

निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. मग त्याच्या भोवती लहान कंद धरतात आणि पुढची फुले ते देतात. चैत्र-वैशाखात दोन-तीन इंच खोल लावले की श्रावणापासून दांडे निघू लागतात. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले तर कंद सडतो, म्हणून वाफा उंच हवा. एवढे सांभाळले तरी दोन-तीन वर्षांत गड्डा दाटतो. पाने उदंड, फुले थोडी. मग पाणी तोडायचे, पाने पिवळी पडू द्यायची, गड्डा उकरून सावलीत सुकवायचा आणि कंद सुटे करायचे. इंचभर जाडीचे त्याच वर्षी फुलतात, बारक्यांना आणखी वर्ष द्यावे लागते. आपल्यापुरते ठेवून बाकीचे शेजारीपाजारी वाटायचे. न वाटणाऱ्याचा वाफाच फुलेनासा होतो.

प्रश्न असा की, हे देणे उपकार आहे काय? ‘जकात’ या अरबी शब्दाच्या मुळाशी शुद्ध होणे आणि वाढणे असे दोन्ही अर्थ आहेत. कुरआनाने मालदाराच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क सांगितला आहे. हक्क म्हटल्यावर देणाऱ्याचा मोठेपणा उरत नाही. चाळिसावा भाग काढणारा माणूस दुसऱ्याचे दुसऱ्याला पोचवत असतो.

हे आम्हांला तत्त्वतः मान्य असते. कस लागतो तो घरात. मुलगी सासरी निघते तेव्हा आई तिच्या पिशवीत चार कंद हौसेने बांधून देते. त्याच घरात वडिलांच्या पश्चात वारसाची गोष्ट निघाली की भावांचे हात आखडतात. सूरह निसाने आईबाप मागे ठेवतील त्यात, ते थोडे असो की पुष्कळ, स्त्रियांचा वाटा ठरवून दिला आहे. भावाबरोबर बहीण असेल तर त्याच्या निम्मा. एरवी शरियतच्या नावाने तावातावाने बोलणारे आम्ही इथे मात्र रूढीचा आधार घेतो आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकवतो.

“तिने राजीखुशीने सोडले,” असे म्हटले जाते. काही बहिणी खरोखर मनापासून सोडतही असतील. पण माहेर तुटेल या धास्तीने केलेली सही आणि राजीखुशी यांत फरक आहे. तो कागदावर दिसत नाही, म्हणून पद्धतच अशी हवी की तो उघड व्हावा. ती पद्धत आमच्या फिकहमध्ये आहेच: हिबा पूर्ण व्हायला ताबा द्यावा लागतो. म्हणजे देणाऱ्याच्या हातात आधी ती वस्तू असली पाहिजे. बहिणीचा वाटा आधी मोजून, वेगळा करून तिच्या नावे लावावा. त्यानंतर वर्षाने तिला तो भावाला द्यावासा वाटला तर ती बक्षीस खरी. गड्ड्यात अडकलेला कंद कुणी कुणाला देऊ शकत नाही. आधी तो सुटा करावा लागतो.

इथेच कंदाचा दाखला संपतो, हेही सांगितले पाहिजे. चार कंद आमचे होते, आम्ही ते दिले. त्यात प्रेम होते. बहिणीचा वाटा वडिलांचे डोळे मिटले त्या क्षणापासून तिचा आहे. तो आमच्याकडे असतो तो अमानत म्हणून. अमानत परत करणाऱ्याने औदार्याची भाषा बोलू नये, आणि ठेवून घेणाऱ्याने ईदला पाठवलेल्या साडीचोळीचा हिशेब त्यात धरू नये. प्रेमाने काय द्यायचे ते हक्क देऊन झाल्यावर द्यावे.