वाटायचं की फोडायचं?

तत्त्वज्ञानाशी माझा संबंध फार जुजबी. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेल्या माणसाला ग्रंथ म्हणजे लेजर, आणि त्यातलं अंतिम सत्य म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज जुळणं. पण गेल्या सप्टेंबरात कोल्हापुरातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरपलीकडच्या माणसानं मला एक प्रश्न विचारला, आणि तेव्हापासून माझी बेरीज जुळलेली नाही.

तो म्हणाला, "साहेब, सिग्नल वाटायचाय का फोडायचाय?"

आता मी तिथं का गेलो होतो, ते सांगायला हवं. माझा भाचा पुण्याला असतो. पगाराचे निम्मे पैसे खातो आणि निम्मे सिंथेसायझरला खायला घालतो. त्याच्याकडे दोन वस्तू आहेत. एक पट्ट्यांचा सिंथेसायझर. तो निदान दिसायला तरी पेटीच्या भावकीतला आहे. दुसरी वस्तू म्हणजे एक लाकडी खोका. त्याला पट्ट्या नाहीत, नुसती बटणं आणि भोकं. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई चहाला गेली आणि परत आलीच नाही, असं ते दृश्य असतं. याला मॉड्युलर म्हणतात. त्यातला एक कप्पा आवाज काढतो, दुसरा तो तासतो, तिसरा कधी सुरू व्हायचं नि कधी थांबायचं ते सांगतो. मधल्या तारा जोडल्याशिवाय कुणीही कुणाचं काम करत नाही. एकानं व्हाउचर लिहायचं, दुसऱ्यानं पास करायचं, तिसऱ्यानं पैसे द्यायचे. मला हे यंत्र पहिल्या दिवशीच कळलं.

"ही कसली नवी थेरं?" असं मी एकदा म्हणालो, तर भाच्यानं माझीच शाळा घेतली. "मामा, नवी कसली? अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूगचा सिंथेसायझर आला. डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकारानं तो बसवून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई अशा मंडळींनी त्यावर काम केलं. ती ध्वनिमुद्रणं २०२३ साली प्रसिद्ध झाली. आणि चरणजित सिंगांनी मुंबईत १९८२ साली सिंथेसायझर आणि तालयंत्रं जोडून दहा राग वाजवले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही, नंतर जगानं डोक्यावर घेतलं."

१९६९ म्हणजे चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं ते साल. देशात सगळ्यांनाच त्या वर्षी तारा जोडायची हुक्की आली होती म्हणायचं. मी गप्प बसलो.

तर या भाच्याचा फोन आला. "मामा, रविवारी जोतिबाला येताना एक वाय केबल आणा. माझी पुण्यातच राहिली. रात्री कोल्हापुरात कार्यक्रम आहे."

जोतिबाला आम्ही वर्षातून दोनदा जमतो. कुलदैवत आहे हे खरंच, पण दुसरंही एक कारण आहे. माझी आई सहा महिने माझ्याकडे आणि सहा महिने इचलकरंजीला दादाकडे असते. एप्रिल ते सप्टेंबर मी, ऑक्टोबर ते मार्च दादा. बँकेच्या सहामाहीवर बेतलेली ही व्यवस्था माझीच, आणि ती इतकी चोख आहे, की आजवर एका दिवसाचाही फरक पडलेला नाही. सुरुवातीला हस्तांतर एसटी स्टँडवर व्हायचं. आई म्हणाली, "बदलायचंच असेल मला, तर देवासमोर बदला." तेव्हापासून दर सहामाहीला आम्ही वाडी रत्नागिरीचा डोंगर चढतो, चांगभलं म्हणतो, गुलाल लावतो, गुरवांच्या घरी जेवतो, आणि आईची पिशवी माझ्या गाडीतून दादाच्या गाडीत जाते.

दुकानात परत येऊ. त्या माणसानं काउंटरवर दोन केबली ठेवल्या. दोन्ही बेचकीसारख्या; एक बुड आणि दोन फाटे. वरून सख्ख्या जुळ्या. तो म्हणाला, "ही एक, दोघांनी एकच गाणं ऐकायला. दोन्ही फाट्यांत सगळंच्या सगळं जातं. आणि ही दुसरी. बुडातनं डावा-उजवा असे दोन आवाज येतात. एका फाट्यात नुसता डावा जातो, एकात नुसता उजवा. पहिली वाटते, दुसरी फोडते. कुठली देऊ?"

माझ्यासारख्या सुसंस्कृत माणसाला 'फोडणं' कसं आवडणार? 'वाटणं' हा शब्द चांगला वाटला. पेढे वाटतात, प्रसाद वाटतात. "वाटायचाय," मी म्हणालो आणि पैसे दिले.

रविवारी गुरवांच्या ओसरीवर भाच्यानं खोका उघडला. जोतिबावर गुलाल हवेतच असतो. एवढ्या भोकांतून तो आत गेला तर पुढचा कार्यक्रम गुलाबी होईल, म्हणून त्यानं वर प्लॅस्टिक धरलं होतं. सिंथेसायझरच्या एकाच भोकातून डावीकडे खर्जाचा षड्ज आणि उजवीकडे धून, अशी त्याची मांडणी. ते दोन खोक्यात वेगवेगळे न्यायचे होते. त्यानं केबल जोडली. घूंऽऽ असा गंभीर आवाज सुरू झाला.

आई घोंगडीवर बसून ऐकत होती. दोन मिनिटांनी म्हणाली, "तंबोरा झकास लागलाय रे. गाणारा कधी यायचा?"

भाच्यानं घाईनं तारा उपसल्या. "मामा, ही वाटायची आणली तुम्ही. मला फोडायची हवी होती. या केबलीत माझ्या साध्या पिना घातल्या की दोन्हीकडून नुसतं डावंच येतं. उजवं परस्पर अर्थिंगला जातं."

"म्हणजे जमिनीत?"

"तसंच समजा."

दादा हसायला लागला. म्हणाला, "राहू दे की तंबोरा. आईच्या पहाटेच्या ओव्यांना उपयोगी पडंल."

"कसल्या ओव्या?" मी विचारलं.

"रोज पाचला उठून म्हणती की. तुझ्याकडं म्हणत नाही?"

मी आईकडे पाहिलं. ती पिशवीतल्या गोळ्या मोजत होती. त्या सकाळपासून दोनदा मोजून झाल्या होत्या. मग मला आठवलं. पाच वर्षांपूर्वी, माझ्या मुलाच्या बारावीच्या परीक्षेत, मी एका पहाटे स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो होतो, "आई, जरा हळू." परीक्षा संपली. मुलगा शिकला, नोकरीला लागून बंगळूरला गेला. बँकेत एखादी सूचना रद्द करायची तर तसं परिपत्रक काढावं लागतं. मी ते काढलंच नव्हतं.

अपमान झाला की माणूस हिशेब काढतो. मी म्हणालो, "माझ्याकडे ती बाबांबद्दल तासन्‌तास बोलते."

दादाचं हसू थांबलं. "माझ्याकडं नाव काढत नाही," तो म्हणाला. बाबांचं आणि त्याचं शेवटची काही वर्षं बोलणं नव्हतं.

म्हणजे हिशेब असा होता. आम्ही आई वाटून घेतली असं समजत होतो, प्रत्यक्षात फोडून घेतली होती. एका फाट्याला ओव्या, एकाला बाबा. दोघंही अर्धं ऐकून पूर्ण ऐकल्याच्या समाधानात होतो. कारण अर्धा आवाजही कानाला पुरा वाटतो, उरलेला अर्धा कुठं गेला हे तारेकडे पाहून कळत नाही.

मग सगळ्यांनी मिळून एकत्र बोलावं, असं कुणी म्हणेल. तेही आम्ही करून पाहिलंय. आईच्या गुडघ्याबद्दल दादानं फोनवर एक सांगितलं, मी दुसरं. तिनं दोन्ही ऐकलं आणि गुडघ्याला फक्त तेल लावलं. भाचा म्हणतो, एक आवाज दोघांना देणं वेगळं, पण दोघांचे आवाज नुसत्या तारेनं एकत्र बांधू नयेत. ते एकमेकांनाच ढकलत बसतात. त्याला मध्ये मिक्सर लागतो. प्रत्येकाचं ऐकून, प्रत्येकाचं प्रमाण ठरवून मग एक करणारा. जोतिबाला ब्रह्मा, विष्णू, महेश यांचं एकरूप मानतात. तिथं मिक्सर थेट वरचा आहे. आमच्या घरी ती सोय नाही.

मग करावं काय? देवळाच्या आवारात उभा राहून मी हाच विचार करत होतो. राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलेलं देऊळ. भावाभावांच्या वाटण्या त्यानं किती पाहिल्या असतील! मला चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्या आठवल्या. घराच्या वर जाणारा तो उंच कळक. एक गडी बुंधा पेलतो, बाकीचे चहूबाजूंनी दोर धरतात, आणि गुलालात न्हालेली ती काठी नाचवत नेतात. एवढं ओझं, पण म्हणून कुणी काठीचे चार तुकडे करून, "आपापला न्या रे" असं म्हणत नाही. तिथं वजन वाटून घेतात, काठी नाही. आम्ही दोघा शिकलेल्या भावांनी नेमकं उलटं केलं होतं.

हे मी मोठ्या अभिमानानं भाच्याला सांगितलं. "म्हणजे माझीच केबल बरोबर होती. फोडू नये, वाटावं. आईचं प्रेम वाटून कमी होत नाही."

"होतं की," भाचा म्हणाला. या पिढीला पाया पडायला शिकवलं तरी गप्प बसायला शिकवता येत नाही. "मामा, खोक्यातला सूर व्होल्टवर चालतो. एका सप्तकाला एक व्होल्ट. म्हणजे एका अर्धस्वराला जेमतेम त्र्याऐंशी मिलिव्होल्ट. एकाच तारेला ऐकणारे वाढवत गेलं, की प्रत्येकाला देता देता व्होल्ट थोडा खाली येतो. आवाज येतो, पण बेसूर. म्हणून मध्ये बफर घालतात. तो प्रत्येकाला पुरेपूर देतो."

"मग आई म्हणजे बफर."

"असेल. पण बफरला स्वतःची वीज लागते मामा. ती कोण पुरवतं?"

एक मिलिव्होल्टही न चुकता त्यानं मला गप्प केलं. प्रेम वाटून कमी होत नाही, हे वाक्य नेहमी घेणाराच म्हणतो. खात्यातून किती गेलं, हे देणाऱ्याला विचारायची पद्धत नाही.

पिशवी दादाच्या गाडीत गेली. भाच्याला खाली कोल्हापुरात बरोबर केबल मिळाली. याही वेळी मीच पैसे दिले. चुकीची केबल मी परत केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी इचलकरंजीला फोन लावला. दादानं घाबरून उचलला. या वेळेला फोन येतो तो एकाच कारणासाठी. मी म्हणालो, "काही नाही. फोन तेवढा आईजवळ ठेव."

बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग आईचा आवाज आला, पण ओवीचा नव्हे. ती दादाला विचारत होती, "त्याला पण ऐकू जातंय व्हय रे?"

"जातंय," दादा म्हणाला.

"मग जरा मोठ्यानं म्हणते."