योग्य ती कार्यवाही

नागपूरच्या विमानतळास लागून मिहान नांवाचा विस्तीर्ण प्रकल्प आहे. तेथें एकीकडे बोइंग कंपनीनें एअर इंडियाकरितां बांधलेलें विमानदुरुस्तीचें केंद्र, तर दुसरीकडे टीसीएस, इन्फोसिस यांसारख्या संगणकी कंपन्यांचीं कार्यालयें. या दोन शेजाऱ्यांपुढें एकच प्रश्न आहे, आणि तो यंत्रविद्येपेक्षां नीतीचा अधिक आहे असें आम्हांस वाटतें. जो केवळ आपल्या शब्दांवर विसंबून काम करणार, त्याला ते शब्द स्पष्ट देण्याची जबाबदारी कोणाची?

अलीकडे संगणकाला नुसते प्रश्न विचारीत नाहींत. त्याच्याकडून कामें करवून घेतात. अशा कृत्रिम कारकुनास 'एजंट' म्हणतात. त्याच्या हातीं अनेक साधनें दिलेलीं असतात. एक नोंद शोधून देतें, दुसरें पत्र धाडतें, तिसरें पैसे वळते करितें. परंतु साधन आंतून कसें चालतें हें त्यास सहसा दिसत नाहीं. साधनाचें नांव, त्यास पुरवावयाच्या माहितीचा तपशील आणि दोनचार ओळींचें वर्णन, एवढ्यावरूनच कोणतें साधन केव्हां उचलावें हें तो ठरवितो.

समजा, एका रुग्णालयानें असा एजंट नेमला. त्याच्या एका साधनाचें वर्णन आहे: 'रुग्णाच्या भेटीविषयीं योग्य ती कार्यवाही करतें.' वस्तुतः तें साधन भेट रद्द करितें. भंडाऱ्याकडचा एक गृहस्थ कळवितो कीं, आईची 03/04 ची वेळ जरा पुढें न्यावी. एजंट तें साधन उचलतो. भेट नाहींशी होते. शिवाय 03/04 म्हणजे 3 एप्रिल कीं 4 मार्च, हेंहि कोठें लिहिलेलें नाहीं. म्हातारीला घेऊन तो गृहस्थ पहांटेच्या गाडीनें येतो, आणि खिडकीपाशीं त्याला 'तुमचें नांवच नाहीं' असें ऐकावें लागतें. यंत्रानें आज्ञाभंग केलेला नाहीं. मग अपराधी कोण?

'योग्य ती कार्यवाही करावी' हें वाक्य आमच्या वाचकांनीं सरकारी कागदांवर शेंकडों वेळां वाचलें असेल. लिहिणारास तें फार सोयीचें. काम साधलें तर हुकूम आपला. बिघडलें तर योग्य काय तें कारकुनास कळलें नाहीं! जुना कारकून दाराशीं येऊन "साहेब, म्हणजे नेमकें काय करूं?" असें विचारी, किंवा मागच्या फायली चाळून साहेबांचें मन ओळखी. त्याच्या शहाणपणाखालीं आमचा आळस झांकला जाई. एजंटहि कधीं कधीं विचारतो, नाहीं असें नाहीं. पण पुष्कळदां तो वर्णनांतली पोंकळी आपल्या तर्कानें भरून निःशंकपणें पुढें जातो.

यंत्रें अधिक हुशार होतील, मग हा प्रश्न उरणार नाहीं, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पटत नाहीं. साधन भेट रद्द करितें कीं पुढें ढकलतें, हें तें बनविणारालाच ठाऊक असतें. कितीहि तीव्र बुद्धि असली तरी जें सांगितलेंच नाहीं तें तिनें कोठून जाणावें? 1773 सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला, त्यासंबंधीं 'ध' चा 'मा' केल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. तेथें निदान अक्षर बदलणारा एक हात तरी होता. येथें मूळ हुकूमच असा कीं, धरावें कीं मारावें तें वाचणारानें ठरवावें.

विमानदुरुस्तीच्या धंद्यानें हा धडा आधींच घेतला. दुरुस्तीचीं पुस्तकें इंग्रजींत, आणि तीं वाचणाऱ्या कित्येकांची मातृभाषा इंग्रजी नव्हे. म्हणून 1986 मध्यें त्या पुस्तकांकरितां एक नियमबद्ध, सोपी इंग्रजी ठरविण्यांत आली. एका शब्दाला शक्यतों एकच अर्थ, कृति सांगणारें वाक्य फार तर 20 शब्दांचें, आणि धोक्याची सूचना कृतीच्या आधीं. साहित्यप्रेमी मंडळींना ही भाषा रुक्ष वाटेल, आम्हांसहि वाटली. पण तिच्यांत लिहावयास बसलें म्हणजे 'योग्य ती' या शब्दांना जागाच सांपडत नाहीं. काय योग्य, हें लिहिणाराला प्रथम स्वतःशीं ठरवावें लागतें. त्या रुग्णालयाच्या साधनाचें वर्णन मग कांहींसें असें होईल: 'ही कृति मागें घेतां येत नाहीं. रुग्णाची ठरलेली भेट कायमची रद्द करितें. वेळ बदलावयाची असल्यास हें साधन वापरूं नये. तारीख आधीं दिवस, मग महिना, मग वर्ष अशी द्यावी. रुग्णानें रद्द करण्यास स्पष्ट सांगितलें नसेल, तर आधीं त्यास विचारावें.'