अश्वत्थामा आणि लंका

देशावर घाला पडला की आमच्या तोंडी आधी रावण येतो. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा जिंतूरच्या पारावरही हेच, ‘लंका जाळा!’ सज्जनहो, जशी कथा डोळ्यांपुढे, तशी बुद्धी होते. रात्री बेसावधांना मारणे ही तर अश्वत्थाम्याची करणी. भागवतात अर्जुन त्याला जिवंत बांधून आणतो, मग विचार होतो. भीम मारा म्हणतो, आणि पाचही पुत्र गमावलेली द्रौपदीच सोडा म्हणते. इकडे तुकाराम ओंबळे यांनी नुसत्या काठीनिशी गोळ्या झेलल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला. खटला चालला. २०१२ साली त्याला फाशी झाली. त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी मात्र सुटले. आणि लंकेचेच म्हणाल, तर मारुतिरायाने बिभीषणाचे घर राखले होते; ते पारावर कोणी काढीत नाही.