अपराधभाव : भय की आस्था?

माणसाच्या नैतिक जीवनात अपराधभावाचे स्थान कोणते, हा प्रश्न मानसशास्त्र आणि नीतिशास्त्र यांच्या सीमारेषेवरचा आहे. एखादी भावना कशी उत्पन्न झाली हे समजल्याने तिचे नैतिक मूल्य ठरते काय? सदसद्विवेक म्हणजे बालपणी मनात शिरलेला वडीलधाऱ्यांचा धाक एवढेच असेल, तर त्याचा कौल प्रमाण का मानावा?

या शंकेला शास्त्रीय बळ मिळाले ते फ्रॉइडच्या विवेचनामुळे. 1930 साली प्रसिद्ध झालेल्या संस्कृतिविषयक ग्रंथात त्याने अपराधभावाच्या दोन अवस्था कल्पिल्या आहेत. प्रारंभी मूल भिते ते वडीलधाऱ्यांचे प्रेम गमावण्याला. कृत्य उघडकीस येणार नसेल तर ही भीतीही उरत नाही. पुढे बाहेरची सत्ता 'पराहम्'च्या रूपाने मनात ठाण मांडते. तिच्यापासून काहीच लपत नाही. नुसती इच्छादेखील शिक्षेस पात्र ठरते. म्हणूनच सच्छील माणूस स्वतःला अधिक दोषी समजतो. या उपपत्तीत अपराधभाव हा आत वळलेल्या आक्रमकतेचाच एक प्रकार ठरतो.

पियाजेने 1932 साली मुलांच्या नैतिक निर्णयांचा अभ्यास मांडला, तो वेगळ्या दिशेने. नकळत पंधरा पेले फोडणारा मुलगा आणि चोरून मुरंबा घेताना एकच पेला फोडणारा मुलगा, यांत अधिक दोषी कोण? लहान मुले अनेकदा पेल्यांची संख्या मोजतात. मोठी मुले हेतू पाहतात. या बदलाचे श्रेय पियाजे धाकाला देत नाही. बरोबरीच्या सवंगड्यांशी होणाऱ्या सहकार्याला देतो. मात्र त्याचे लक्ष निवाड्यावर आहे. फुटलेल्या पेल्यामुळे कोणाला दुःख झाले आणि ते भरून कसे निघेल, हा प्रश्न त्याच्या चौकटीत दुय्यम राहतो.

तो केंद्रस्थानी येतो मेलनी क्लाइन आणि डोनाल्ड विनिकट यांच्या लेखनात. ज्या आईवर आपण रागाने तुटून पडतो आणि जी आपले पोषण करते, ती एकच आहे, ही जाणीव बालकाला हळूहळू होते. अपराधभावाचा उगम या जाणिवेत आहे. म्हणजे तो प्रेमाशिवाय संभवतच नाही. विनिकटने 1963 च्या निबंधात या क्षमतेला जी संज्ञा योजली तिच्यासाठी मराठीत 'काळजी' हा शब्द विलक्षण समर्पक आहे. काळजी 'वाटते' आणि काळजी 'घेतली जाते'. अस्वस्थता आणि कृती या दोहोंना मराठीने एकाच नामात बांधले आहे. पहिलीचे दुसरीत रूपांतर होणे, हाच या उपपत्तीचा गाभा होय. पण त्यासाठी दोन अटी आहेत : आईने मुलाचा राग सूड न उगवता सोसला पाहिजे आणि भरपाईची संधी त्याला दिली पाहिजे. संधी नाकारली गेली की अपराधभाव असह्य होतो आणि मूल तो जाणवूनच घेत नाही.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'चा विचार या प्रकाशात व्हावयास हवा. संस्कारांचा पाठ म्हणून तिचा गौरव होतो, अश्रूंच्या अतिरेकासाठी तिला दोषही दिला जातो. दोन्ही पक्ष आईला केवळ शासनकर्ती मानतात. परंतु पोहण्यास भिणाऱ्या श्यामला मारणारी आई नंतर स्वतःच व्याकुळ होते. येथे सत्ता स्वतःच्या हातून झालेल्या इजेकडे पाहते. मुलाला मिळतो तो नुसता नियम नव्हे. दुखावणाऱ्यालाही परत जवळ येता येते, हा अनुभव. अर्थात या अनुभवाने माराचे समर्थन होत नाही. आईचे अश्रू माराला मागाहून पवित्र करतात काय, हे कृतीच्या वाचकाने विचारलेच पाहिजे.

तेव्हा उगमावरून मूल्य ठरत नाही. अपराधभावाचे तोंड कोणीकडे आहे यावरून ते ठरते. स्वतःच्या निष्कलंकतेची चिंता वाहणारा अपराधभाव धाकाचाच वारस राहतो. दुखावलेल्या माणसाकडे वळलेला अपराधभाव नीतीत प्रवेश करतो. पण यातून एक अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. ही क्षमता जर कोणीतरी आपला राग सोसल्यामुळे लाभत असेल, तर ज्याला असे कोणी लाभलेच नाही त्याला कठोर हृदयाचा म्हणून दोष कसा द्यावा? दुसऱ्या महायुद्धात घरांपासून दूर पाठविलेल्या मुलांबरोबर विनिकटने काम केले होते. चोरी करणाऱ्या मुलाच्या कृत्यात त्याला आशेची खूण दिसली : गमावलेले काहीतरी ते मूल अजून मागत असते. या दृष्टीने कृत्याची जबाबदारी संपत नाही, ती विभागली जाते. अपराध्याकडून पश्चात्तापाची अपेक्षा करणाऱ्या समाजाने भरपाईची वाट खुली ठेवली आहे काय, हेही मग तपासावे लागते. ती वाट बंद करून मागितलेला पश्चात्ताप हे भयाचेच दुसरे नाव ठरते.